व्यवहारपूर्ती आणि मध्यस्थ : स्थावर मिळकतीच्या खरेदी-विक्रीतील अखेरचा टप्पा

१. प्रश्नाचे स्वरूप

घरांच्या व जमिनींच्या व्यवहारांतील मध्यस्थाचे काम कोणते, असा प्रश्न केला असता ‘घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून देणे’ हे उत्तर बहुधा मिळते. रूढ भाषेतील ‘दलाल’ ह्या शब्दाचा आशयही तेवढाच आहे. किंमत ठरली, इसार दिला, की दलालाचे काम संपले आणि त्याची दलाली तेवढी उरली, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. परंतु इसार देणे आणि व्यवहार पुरा होणे यांमध्ये कित्येक आठवड्यांचे, प्रसंगी महिन्यांचे अंतर असते. ज्या कुटुंबाने आजवरची शिल्लक आणि पुढील वीस वर्षांची कमाई एका सदनिकेत गुंतवावयाचे ठरविले आहे, त्याच्या दृष्टीने खरा धोका ह्याच काळात असतो. गाठ घालून देणे हे काम महत्त्वाचे खरे; पण त्यात चूक झाली तर फार तर एक गिऱ्हाईक हातचे जाते. पूर्तीच्या वेळी चूक झाली तर पैसा जातो, घर जाते, किंवा दोहोंसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

येथे ‘व्यवहारपूर्ती’ हा शब्द विशिष्ट अर्थाने योजिला आहे. दस्तावर सह्या होणे, उरलेल्या किमतीचा भरणा होणे, ताबा दिला-घेतला जाणे आणि मिळकतीचे मूळ कागद खरेदीदाराच्या हाती येणे, ह्या चारही गोष्टी घडून आल्या म्हणजे व्यवहार पुरा झाला असे म्हणावयाचे. ह्या टप्प्याची व्यवस्था निरनिराळ्या देशांत निरनिराळी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक ठिकाणी एक तटस्थ तिसरा पक्ष दोघांचे कागद आणि पैसे आपल्यापाशी ठेवून घेतो आणि ठरलेल्या सर्व अटी पुऱ्या झाल्यावरच ज्याचे त्याला देतो. काही संस्थानांत हे काम वकिलांकडे असते. गृहकर्ज घेणाऱ्यास पूर्तीपूर्वी किमान तीन कामकाजाचे दिवस खर्चाचा अंतिम तक्ता मिळालाच पाहिजे, असा नियमही तेथे ऑक्टोबर २०१५ पासून आहे. इंग्लंडमध्ये दोन्ही पक्षांचे विधिव्यवसायी आपसांत पैशाची देवघेव करतात. पैसे पोचल्याची वर्दी विक्रेत्याच्या विधिव्यवसायीकडून आल्यावर मध्यस्थ आपल्यापाशी ठेवलेली किल्ली खरेदीदाराला देतो.

महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या खरेदीत असा तिसरा पक्ष क्वचितच असतो. वकील असतो, पण पुष्कळदा तो मसुदा करण्यापुरता. बँक असते, पण ती स्वतःचे कर्ज सुरक्षित करण्यापुरती. दुय्यम निबंधक असतो, पण तो दस्त नोंदण्यापुरता. आरंभापासून अखेरपर्यंत दोन्ही पक्षांशी संबंध असलेला असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे मध्यस्थ. ह्या परिस्थितीमुळे त्याच्यावर जे कार्य येऊन पडते, त्याचे स्वरूप, साधने आणि मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. कायद्यातील पूर्तीची कल्पना

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या ५४ व्या कलमानुसार विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण होय. ही किंमत दिलेली असेल, देण्याचे वचन असेल, किंवा काही दिलेली व काही वचन दिलेली असेल. ह्या व्याख्येतील शेवटचा भाग विशेष ध्यानात घ्यावयास हवा. सर्व किंमत हाती येण्यापूर्वीही मालकी जाऊ शकते, असा त्याचा अर्थ आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या मूर्त स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. विक्रीचा नुसता करार, ज्याला व्यवहारात साठेखत म्हणतात, त्याने मिळकतीत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही, हेही त्याच कलमात सांगितले आहे. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची जुळणी करून ‘विक्री’ उरकण्याची पद्धत कित्येक शहरांत रूढ होती. तिने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले.

त्याच अधिनियमाचे ५५ वे कलम दोन्ही पक्षांची कर्तव्ये समोरासमोर मांडते. किमतीची देय रक्कम मिळताच किंवा देऊ केली जाताच विक्रेत्याने योग्य वेळी व योग्य स्थळी दस्त करून द्यावयाचा असतो. खरेदीदाराने विक्री पुरी होण्याच्या वेळी व स्थळी किंमत द्यावयाची असते. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर व आकार विक्रेत्याचे. मालकी गेल्यानंतर विक्रेत्याच्या दोषावाचून मिळकतीचे जे नुकसान होईल ते खरेदीदाराचे. पूर्ण किंमत मिळाल्यावर मिळकतीचे मूळ कागद स्वाधीन करणे हेही विक्रेत्याचे कर्तव्य होय. थोडक्यात, दस्त आणि पैसा यांची अदलाबदल एका वेळी व एका जागी व्हावी, अशी कायद्याची कल्पना आहे.

नोंदणी अधिनियम, १९०८ यातही हीच कल्पना डोकावते. दस्तावर करावयाच्या शेऱ्यांविषयीच्या ५८ व्या कलमानुसार नोंदणी अधिकाऱ्यासमक्ष झालेला पैशाचा भरणा आणि मोबदला मिळाल्याची त्याच्यापुढे दिलेली कबुली यांची नोंद दस्तावर करावयाची असते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे निबंधकाच्या मेजावर रक्कम मोजून दिली जात असल्याचे चित्र होते, हे यावरून दिसते. आजचा पैसा मेजावर मोजला जात नाही. तो एका बँकेतून दुसरीत जातो. त्यातील काही भाग कर म्हणून शासनाकडे, काही भाग विक्रेत्याच्या धनको बँकेकडे जातो. आणि खरेदीदाराची बँक तर पुष्कळदा नोंदलेला दस्त हाती आल्यावाचून रक्कम सोडतच नाही. कायद्याने एकत्र कल्पिलेल्या गोष्टी व्यवहारात अशा रीतीने विलग झाल्या आहेत. पूर्तीच्या काळातील बहुतेक संकटांचे मूळ ह्या विलगतेत आहे.

३. तीन अंतरे

ही गोष्ट एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका ८० लाख रुपयांस विकावयाची ठरली आहे. विक्रेता भारतातच राहणारा आहे आणि त्याचे एका बँकेचे २२ लाखांचे कर्ज फिटावयाचे आहे. मूळ कागद त्या बँकेपाशी गहाण आहेत. खरेदीदाराने ८ लाख इसार म्हणून दिले, १६ लाख तो स्वतः उभे करणार आणि उरलेले ५६ लाख त्याची बँक कर्जाऊ देणार. स्थावर मिळकतीची किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर, शेतजमिनीचा अपवाद वगळता, खरेदीदाराने किमतीच्या शेकडा एक इतका कर कापून शासनाकडे भरावा, असा नियम १ जून २०१३ पासून आहे. म्हणून ८० हजार रुपये शासनाकडे जातील. ८० लाखांपैकी २२ लाख विक्रेत्याच्या बँकेला, ८० हजार शासनाला आणि ५७ लाख २० हजार प्रत्यक्ष विक्रेत्याला, अशी ही एकच किंमत तिघांत विभागली जाते. ही साधी वाटणी दोन्ही पक्षांनी आधी कागदावर पाहिलेली नसते, म्हणून नोंदणीच्या दिवशी ‘रक्कम कमी का आली’ असा तंटा उभा राहतो.

ह्या व्यवहारात तीन अंतरे संभवतात.

पहिले अंतर दस्त आणि पैसा यांमधील. दस्त नोंदला गेला, पण बँकेने कर्जाची रक्कम सोडली नाही, तर विक्रेता उघडा पडतो. न मिळालेल्या किमतीपुरता त्याचा मिळकतीवर बोजा राहतो, असे ५५ वे कलम म्हणते. परंतु तो बोजा वसूल करण्यास दावा लावावा लागतो. उलटपक्षी, पैसा आधी दिला आणि दस्त राहिला, तर खरेदीदार उघडा पडतो. त्यालाही आगाऊ दिलेल्या रकमेपुरता बोजा कायद्याने दिला आहे. पण त्याला हवे असते घर, बोजा नव्हे.

दुसरे अंतर पैसा आणि मूळ कागद यांमधील. विक्रेत्याचे कर्ज फिटले, तरी कागद त्याच दिवशी हाती येतील असे नाही. कर्जाची पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करावेत आणि आपल्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी बँका व इतर वित्तसंस्था यांना दिला. तो १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आला. हा आदेश उपकारक खरा. पण ३० दिवस म्हणजे ३० दिवसांचे अंतर. तेवढ्या काळात कागद परत मिळण्याचा कायदेशीर हक्क ऋणकोचा, म्हणजे विक्रेत्याचा असतो, आणि त्यांची गरज मात्र खरेदीदाराला व त्याच्या बँकेला असते.

तिसरे अंतर मालकी आणि ताबा यांमधील. दस्त झाला, पैसा गेला, पण विक्रेत्याचे नवे घर तयार नाही म्हणून तो ‘आणखी पंधरा दिवस’ मागतो. वर सांगितल्याप्रमाणे मालकी गेल्यावर आग, गळती वा अन्य आपत्ती यांनी होणारे नुकसान खरेदीदाराच्या माथी येते; तेव्हा घरात एकजण राहतो आणि जोखीम दुसऱ्याची असते, असा विचित्र प्रकार घडतो. पंधरा दिवसांचे तीन महिने झाले तर खरेदीदार घरभाडे आणि कर्जाचा हप्ता अशा दुहेरी भाराखाली दबतो.

पूर्तीच्या वेळी पक्षकारांना साहाय्य करणे म्हणजे नेमके काय, ह्याचे उत्तर ह्या तीन अंतरांत आहे. ही अंतरे शक्य तितकी कमी करणे, जी कमी होत नाहीत ती दोन्ही पक्षांच्या आधी ध्यानात आणून देणे आणि त्या अवधीत कोणाची जोखीम कशाने झाकली जाईल हे लेखी ठरवून घेणे, हे मध्यस्थाचे खरे कार्य होय. बाकीची धावपळ ही ह्या कार्याची अंगे आहेत.

४. कार्याचा क्रम

नोंदणीच्या दिवसापूर्वी करावयाच्या कामांत पहिले काम तारखांच्या जुळणीचे. विक्रेत्याच्या बँकेकडून कर्जफेडीच्या रकमेचे पत्र घ्यावयाचे, तर त्यावर ‘अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. ती उलटली की व्याज वाढून रक्कम बदलते. खरेदीदाराच्या बँकेची मंजुरीही मुदतीची असते. संस्थेला हस्तांतरणाची सूचना द्यावयाची असते आणि बँक संस्थेचा ना-हरकत दाखला मागते. दस्ताचे मुद्रांक शुल्क, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार, दस्त करण्यापूर्वी, करतेवेळी किंवा उशिरात उशिरा पुढील कामकाजाच्या दिवशी भरलेले असावे लागते. उलट करार नसल्यास ते खरेदीदाराने भरावयाचे असते. दस्त नोंदणीस दाखल करण्याची मुदत सहीपासून चार महिने आहे; अपरिहार्य कारण असल्यास आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून तो दाखल करता येतो. वकिलाला मसुदा दिसतो, बँकेला तारण दिसते; ह्या सर्व मुदती एकत्र पाहणारा मात्र मध्यस्थावाचून बहुधा कोणी नसतो.

दुसरे काम हिशेबाच्या तक्त्याचे. वरील उदाहरणातील ८० लाखांची विभागणी, इसार वजा जाता राहणारी रक्कम, कापावयाचा कर, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, संस्थेचे हस्तांतरण शुल्क, त्या दिवसापर्यंतचा मालमत्ता कर, देखभालीचा आकार व वीजबिल, आणि मध्यस्थाची स्वतःची दलाली, ह्या सर्वांचा एक तक्ता करून दोन्ही पक्षांना काही दिवस आधी देणे आवश्यक आहे. अमेरिकेत जे कायद्याने सक्तीचे केले आहे, ते येथे स्वेच्छेने करण्यास कोणाचीही आडकाठी नाही. तक्ता आधी मिळाला की शंका आधी निघतात. निबंधकाच्या कचेरीत रांगेत उभे असताना निघालेल्या शंकेचे निरसन घाईने होते किंवा होतच नाही.

तिसरे काम माणसांचे. सही करणारे सर्व उपस्थित आहेत काय, त्यांची ओळख पटविणाऱ्या व्यक्ती आल्या आहेत काय, सहमालक असलेली बहीण किंवा आई परगावी आहे काय, हे आधी पाहावे लागते. सहमालकांपैकी एखादा अमेरिकेत वा आखातात स्थायिक झाला असल्यास मुखत्यारपत्राचा प्रश्न येतो. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलात यांच्यासमोर साक्षांकित व्हावे लागते आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. विक्रेता करदृष्ट्या अनिवासी असेल तर वर सांगितलेला शेकडा एकचा नियम लागू होत नाही. कराची कपात निराळ्या तरतुदीने करावी लागते, आणि तिची जबाबदारी खरेदीदाराची असते. हे ज्याला अखेरच्या दिवशी कळते त्या खरेदीदाराचे नुकसान लहानसहान नसते.

चौथे काम मिळकतीच्या अंतिम पाहणीचे. सह्यांपूर्वी एक-दोन दिवस खरेदीदारासह सदनिकेत जाऊन ती रिकामी आहे किंवा ठरलेल्या स्थितीत आहे, विक्रीत धरलेल्या वस्तू जागेवर आहेत, कोणी भाडेकरू वा नातलग मागे राहिलेला नाही, हे पाहून घ्यावयाचे. वीजमीटरचा आकडा लिहून ठेवावयाचा.

प्रत्यक्ष नोंदणीच्या दिवशी क्रमाला सर्वांत अधिक महत्त्व असते. दस्तातील मोबदल्याच्या कलमात प्रत्येक भरण्याचा क्रमांक, तारीख आणि बँक यांचा उल्लेख मसुद्याशी ताडून पाहावा. डिमांड ड्राफ्ट असल्यास तो आधी दाखवावा, त्याची प्रत जोडावी, आणि निबंधकासमोर निष्पादनाची कबुली झाल्यावर तो स्वाधीन करावा. जी रक्कम अजून मिळालेली नाही ती ‘मिळाली’ असे दस्तात लिहू देऊ नये. ‘नंतर देतोच आहे, लिहून टाका’ ही सूचना सोयीची वाटते. परंतु त्या एका वाक्याने विक्रेत्याचा पुरावा त्याच्याच सहीने नष्ट होतो. रोख रकमेची गोष्टही अशीच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकराच्या कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. ‘वरची रक्कम’ हाताळणारा मध्यस्थ साहाय्य करीत नसून पक्षकाराला दंडाच्या आणि पुराव्याच्या दुहेरी संकटात लोटीत असतो.

नोंदणीनंतरचे काम पुष्कळदा कोणाच्याच डोक्यात नसते. सूची क्रमांक दोनचा उतारा घेऊन त्यातील नाव, क्षेत्र आणि मोबदला तपासणे. कर भरल्याचा दाखला विक्रेत्याला पोचता करणे. जुन्या गहाणाची मुक्तता नोंदली गेल्याची खात्री करणे. संस्थेकडून भाग प्रमाणपत्रावर नव्या मालकाचे नाव चढविणे. मालमत्ता कर व वीज यांच्या नोंदी बदलणे. आणि किल्ल्या, ताबेपावती व मूळ कागद यांची यादी दोघांच्या सह्यांनी करणे, ही कामे झाल्यावरच व्यवहार पुरा झाला असे म्हणता येईल. उतारा हाती येताच मध्यस्थ अदृश्य होतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिचे कारण पुढे येईल.

५. मर्यादा

वरील वर्णनावरून मध्यस्थाने सर्व काही करावे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. पहिली मर्यादा अधिकाराची. कलकत्त्यातील एका मिळकतीसंबंधीच्या अब्दुल्ला अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली असे ठरविले की, विक्रीची बोलणी करण्याचा व गिऱ्हाईक मिळविण्याचा अधिकार मध्यस्थाला दिला म्हणजे मालकाच्या वतीने विक्रीचा बंधनकारक करार करण्याचा अधिकार दिला, असे होत नाही. म्हणून ताब्याची तारीख पुढे ढकलणे, किमतीत सूट देणे, अट सोडून देणे, ह्या गोष्टी मध्यस्थाने परस्पर कबूल करावयाच्या नसतात; त्याने निरोप पोचवावयाचा आणि उत्तर लेखी आणावयाचे.

दुसरी मर्यादा ज्ञानाची. मालकीहक्क निर्वेध आहे की नाही, हे सांगणे वकिलाचे काम आहे. दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने मालकीची ग्वाही दिली, अशी समजूत सर्वसामान्य माणसाची असते. वस्तुतः नोंदणी अधिकारी दस्त करून देणारी माणसे तीच आहेत काय हे पाहतो; विकणाऱ्याला हक्क आहे काय, याचा निवाडा तो करीत नाही. तमिळनाडूतील एका नियमासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली हेच तत्त्व पुन्हा सांगितले. ‘नोंदणी झाली, आता काळजी नाही’ असे आश्वासन देणारा मध्यस्थ म्हणून चुकीचे आश्वासन देत असतो. त्याने ‘हे वकिलाला विचारा’ असे म्हणणे हीदेखील एक सेवाच होय.

तिसरी मर्यादा पैशाची. दोन्ही पक्षांचा विश्वास आहे म्हणून इसाराची रक्कम मध्यस्थाच्या खात्यात ठेवण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या पैशात मिसळला की विश्वास हाच एक आधार उरतो. पैसा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरळ जावा आणि मध्यस्थाने केवळ त्याची नोंद ठेवावी, हे उत्तम.

६. मोबदला आणि निष्ठा

आता सर्वांत अवघड प्रश्न. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या २१९ व्या कलमानुसार, निराळा करार नसल्यास, एखाद्या कामाबद्दलचा मोबदला ते काम पुरे झाल्यावाचून अभिकर्त्याला देय होत नाही. पण ‘काम’ म्हणजे काय? गिऱ्हाईक मिळवून देणे हे काम मानले तर मोबदला पूर्तीपूर्वीच देय होतो. उपर्युक्त कलकत्त्याच्या प्रकरणात मध्यस्थाचा मोबदला त्याने गिऱ्हाईक मिळविले ह्याच आधारावर मान्य झाला. पूर्ती हे काम मानले तर ती होईपर्यंत काहीच मिळत नाही. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेने १९४१ साली लक्झर प्रकरणात, पूर्तीवर अवलंबून ठेवलेली दलाली विक्रेत्याने माघार घेतल्यास मागता येत नाही, असे ठरविले. सारे काही कराराच्या शब्दांवर अवलंबून आहे. आणि आपल्याकडे हा करार पुष्कळदा तोंडीच असतो.

दोन्ही पद्धतींत दोष आहेत. इसाराच्या वेळीच दलाली मिळाली तर पुढील धावपळीचे कारण उरत नाही. मध्यस्थ अदृश्य होतो तो म्हणून. दलाली पूर्तीवर ठेवली तर मध्यस्थ अखेरपर्यंत हजर राहतो, परंतु त्याचा स्वार्थ पूर्ती घडण्यात असतो, ती योग्य रीतीने घडण्यात असतोच असे नाही. कागदात खोट निघाली आणि पक्षकाराच्या हिताच्या दृष्टीने थांबणे आवश्यक झाले, नेमक्या त्याच क्षणी मध्यस्थाचा स्वार्थ त्याला ‘सही करून टाका’ असे सांगावयास लावतो. तो दोन्ही पक्षांकडून दलाली घेत असेल, आणि आपल्याकडे हे सर्रास चालते, तर हा ताण दुप्पट होतो. पक्षकाराच्या कामात योग्य कौशल्य व दक्षता दाखवावी, अडचणीच्या प्रसंगी त्याला कळवून त्याचे मत घ्यावे, असे करार अधिनियमाची २१२ व २१४ ही कलमे सांगतात. गैरवर्तन केल्यास त्या कामाचा मोबदला बुडतो, असे २२० वे कलम बजावते. तत्त्व स्पष्ट आहे. पण ते न्यायालयात पोचल्यावर उपयोगी पडते, निबंधकाच्या कचेरीत नव्हे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने ह्या व्यवसायाला प्रथमच देशव्यापी शिस्त लावली. मध्यस्थांची नोंदणी, हिशेब व कागद ठेवण्याची सक्ती, दिशाभूल करण्यास मनाई, ह्या तरतुदी १ मे २०१७ पासून अमलात आल्या. महाराष्ट्रात २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक करण्यात आली. तथापि ह्या अधिनियमाच्या दहाव्या कलमातील शब्द लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. खरेदीदाराला मिळावयाची माहिती व कागद त्याला मिळतील अशी व्यवस्था मध्यस्थाने करावी, असे त्यात म्हटले आहे. पण केव्हा, तर ‘आरक्षणाच्या वेळी’. पूर्तीच्या वेळच्या कर्तव्यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय ह्या अधिनियमातील मध्यस्थाची व्याख्या प्रकल्पातील भूखंड वा सदनिका यांच्या व्यवहारांशी निगडित आहे. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या संस्थेतील सदनिकेची फेरविक्री तिच्या कक्षेत सहसा येत नाही. म्हणजे नव्या प्रकल्पात आरंभाची काळजी कायद्याने घेतली आहे, आणि जुन्या घरांच्या फेरविक्रीत, जेथे वर वर्णिलेली तिन्ही अंतरे एकत्र येतात, तेथे अखेरची काळजी मध्यस्थाच्या विवेकावर सोडली आहे.

ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग नवा कायदा होईपर्यंतही मोकळा आहे. दलालीचा करार लेखी असावा. त्यात दलालीचे भाग पाडावेत, एक भाग करार नोंदला गेल्यावर, एक दस्त व भरणा झाल्यावर आणि अखेरचा ताबा, मूळ कागद व संस्थेतील नोंद पुरी झाल्यावर. मध्यस्थ दुसऱ्या पक्षाकडूनही मोबदला घेत असल्यास ते उघडपणे लिहावे. आणि मालकीहक्कातील दोषामुळे पक्षकाराने व्यवहार थांबविल्यास तोवरच्या श्रमांबद्दल मध्यस्थाला एक माफक ठरीव रक्कम मिळावी. ह्या शेवटच्या अटीकडे मध्यस्थावरील मेहेरबानी म्हणून पाहू नये. सत्य सांगितल्याने ज्याची संपूर्ण कमाई बुडते, त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. ते सांगणे त्याला परवडेल अशी व्यवस्था करणे हे पक्षकाराच्याच हिताचे आहे.

मध्यस्थाची योग्यता त्याने किती व्यवहार जुळविले यावरून मोजण्याची रीत आहे. पूर्तीच्या दृष्टीने पाहता अधिक विश्वसनीय कसोटी दुसरीच ठरते. मुद्रांक भरला आहे, साक्षीदार आले आहेत, सर्वजण घाईत आहेत, अशा वेळी कर्जफेडीच्या पत्राची मुदत कालच संपली आहे हे ज्याच्या ध्यानात येते आणि ‘आज सही करू नका’ एवढे चार शब्द जो उच्चारू शकतो, त्याने आपल्या दलालीचे मोल पुरेपूर चुकते केले असे समजावे.